आधी जागा, मग हात

६ फेब्रुवारी

अक्का,

नमस्कार, आणि पुढचं सगळं गृहीत धर. गुडघा जागेवर आहे, सर्दी गेली. थेट मुद्द्यावर येते, कारण डोकं तापलंय आणि घरात ऐकून घ्यायला भिंतींशिवाय कोणी नाही. फोन केला असता, पण तुझ्या कानातलं यंत्र आणि माझा आवाज यांचं काही पटत नाही. मागच्या वेळी मी रडत होते आणि तू 'हो हो, छान झालं' म्हणालीस.

मी काय शिकवते ते तुला माहीत आहे, तरी तू जगाला 'आमची चिंगी नर्सिंगला आहे' असं सांगत फिरतेस, म्हणून पुन्हा सांगते. म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला जी मुलं तयार होतात, त्यांना मी लिहायला शिकवते. दर सत्रात दोन निबंध. उद्या वृद्धाश्रमात पाळी संपताना त्यांना नोंद लिहावी लागणार आहे, आजी जेवल्या का, आजोबा का चिडले. ज्याला स्वतःची खोली शब्दांत मांडता येत नाही, तो दुसऱ्याचं दुखणं काय मांडणार, असं माझं आपलं मत.

इतकी वर्षं मी या पोरांच्या चुका दुरुस्त करत आले. एकानं लिहिलं होतं, 'माझे काका फार प्रेमळ असून त्यांना कुत्रे चावले आहे.' अशा वाक्यांवर माणूस जगतो गं. आता तसलं काही येत नाही. आता निबंध इस्त्री करून येतात. सगळ्यांचे आजोबा 'अनुभवाचा खजिना', सगळ्यांच्या आया 'त्यागाची मूर्ती'. फोनमध्ये विषय टाकला की ते लिहून देणारं यंत्र अर्ध्या मिनिटात ताट वाढून देतं. मला बराच काळ हे कळलंच नाही. वाटायचं, आजकालची मुलं अशीच लिहितात. जानेवारीत संस्थेनं नियम काढला: यंत्राकडून लिहून घेतलेला निबंध सापडला तर चौकशी, आणि सिद्ध झालं तर अभ्यासक्रमातून नाव कमी. तेव्हा माझे डोळे उघडले.

आणि आता एक सापडली आहे. मी तिला मनातल्या मनात 'घुमी' म्हणते. शेवटच्या बाकावर बसते, हजेरीला 'हजर' म्हणते ते तेवढंच. वर्षभरात दुसरा शब्द ऐकला नाही. तिचे आधीचे चार निबंध बरे होते, गुळगुळीत, सगळ्यांसारखे. मी त्यांवर भरभरून शेरे लिहिले होते, कारण मला वाटलं पोरीला कोणीतरी बोलतं करायला हवं. आणि परवा तिनं पाचवा निबंध दिला, आणि तो एकदम वेगळाच! मोजूनमापून लिहिलेला. प्रत्येक परिच्छेदाची घडण एकसारखी, साच्यातून काढल्यासारखी. अशी मुलगी असं लिहील? वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, तेव्हा आता भीडभाड सोडून तक्रार लिहिली आहे.

तरी हात थांबलाय. हिचे वडील नाहीत, आई हॉटेलात कपडे धुण्याच्या विभागात आहे, आणि एका चांगल्या वृद्धाश्रमानं प्रमाणपत्र मिळताच हिला घेतो म्हणून कबूल केलंय. मी सही केली तर ते सगळं गेलं. तू आयुष्यभर विम्याच्या कचेरीत लोकांचे खरेखोटे जबाब तपासलेस. म्हणून सोबत तिचा निबंध पाठवते. वाच आणि एकदा सांग की मी बरोबर आहे.

तुझी,
चिंगी


१२ फेब्रुवारी

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

पाकिटात तुझी तक्रार निघाली. निबंध नाही. फिर्यादीचं म्हणणं पाठवलंस आणि आरोपीला घरीच ठेवलंस. तू आमच्या कचेरीत तीन वर्षं टिकलीस कशी हेच मला कोडं आहे. निबंध पाठव. तोवर सही करू नकोस.

या यंत्राचा प्रसाद आमच्याही घरी मिळाला आहे. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तुझ्या भावजींनी मला पत्र लिहिलं. रंगीत कागदावर, चांगलं पानभर. 'तुझ्या सहवासाने माझ्या जीवनप्रवासाला अर्थ लाभला.' मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि विचारलं, हा कोण गृहस्थ? ज्या माणसानं उभ्या संसारात माझ्या स्वयंपाकाला 'मीठ बरोबर आहे' याच्यापलीकडे शब्द काढला नाही, त्याला जीवनप्रवास कुठून सुचला? लगेच कबूल झाले. म्हणाले, नातवानं दाखवलं कसं करायचं ते. मग मी म्हटलं, आता तुमच्या तोंडानं सांगा. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तू असलीस की मला घरात चावी शोधावी लागत नाही." ते मी ठेवून घेतलं.

सांगायचं म्हणजे, खोटं मला एका ओळीत कळलं ते यंत्र ओळखता येतं म्हणून नव्हे. मला माझा नवरा ओळखता येतो म्हणून. तुला ही मुलगी किती ओळखता येते?

निबंध पाठव गं.

अक्का


१७ फेब्रुवारी

अक्का,

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी मी सही करून बसले होते. रागावू नकोस. प्राचार्यांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, तुमच्या वर्गात सगळे धुतल्या तांदळासारखे का?" बाकीचे हसले. मी पुन्हा लिहून काढलेली तक्रार पिशवीतून काढली आणि दिली. चौकशी चार मार्चला ठेवली आहे.

देण्याआधी घुमीला बोलावून विचारलं होतं. रिकामा वर्ग, ती दाराजवळ उभी, पिशवी छातीशी धरलेली. मी म्हटलं, "हा निबंध तू लिहिलास?" म्हणाली, "हो." मी म्हटलं, "आणि आधीचे?" त्यावर गप्प. मी पुन्हा विचारलं. तरी गप्प. खाली बघत राहिली आणि मानेपर्यंत लाल झाली. अक्का, मी काही काल जन्मले नाही. तो चेहरा अपराध्याचाच होता.

आता निबंध घे. विषय होता 'मला माहीत असलेली एक खोली'. सगळा उतरवून काढत नाही, महत्त्वाचा भाग देते:

'हॉटेलच्या तळघरात कपडे धुण्याची खोली आहे. दार उघडलं की डावीकडे यंत्रं, उजवीकडे लांब टेबल, आणि मधे दोन माणसं समोरासमोर उभी राहतील एवढी मोकळी जागा. चादरींच्या घड्या तिथे होतात.

आई दाराकडे पाठ करून उभी राहते. समोर दुसऱ्या मावशी. दोघी चादरीची दोन-दोन टोकं धरतात, ताणतात, झटकतात. मग आई पुढे येते, मावशी पुढे येतात, आणि आई आपली टोकं त्यांच्या हातात देते. बोटांना बोटं लागतात. मग आई वाकून खालची कड उचलते. असं दिवसभर.

त्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. मी लहान होते तेव्हापासून बोलत नाहीत. का, ते आईनं सांगितलेलं नाही. चादर फाटकी निघाली तर आई 'हं' म्हणते आणि मावशी ती बाजूला टाकतात. तेवढंच.'

आणि शेवट असा:

'घरी चादर पलंगावर असते तेव्हा आई तिची घडी एकटीच घालते, एक कड हनुवटीखाली धरून. मी मदतीला गेले तर हसते. म्हणते, राहू दे, तुझा हात उशिरा येतो.'

वाचलंस? आता मला सांग, वर्गात 'हजर'पलीकडे न बोलणारी पोर हे लिहील? प्रत्येक तुकड्यात तीच रांग बघ. खोली, मग कोण काय करतंय, मग कोण काय म्हणालं. पुन्हा खोली, पुन्हा काम, पुन्हा बोलणं. माणूस असा शिस्तीत लिहीत नाही. मला वाचताना एक विचित्र गोष्ट वाटली, की हे मी कुठेतरी आधी वाचलंय. म्हणजे उचललेलंच असणार.

चिंगी


२२ फेब्रुवारी

चिंगे,

बैस. पाणी पी. मग पुढे वाच.

हे तू आधी वाचलेलं नाहीस. हे तू लिहिलेलं आहेस.

विम्याच्या कचेरीतल्या आपल्या मोठ्या बाई आठव. पांढरी साडी, काळ्या दांडीचा चष्मा, आणि अपघाताचा जबाब घ्यायला निघालेल्या प्रत्येक नव्या पोरीला दारात अडवून म्हणायच्या, "आधी जागा, मग हात, मग तोंड." म्हणजे आधी लिहायचं, कुठे काय होतं. दार कुठे, जिना कुठे, शिडी कुठे टेकली होती. मग लिहायचं, कोणाचे हात काय करत होते. आणि लोक काय म्हणाले ते सगळ्यांत शेवटी, "कारण माणूस खोटं तोंडानं बोलतो, पोरींनो, जिना खोटं बोलत नाही." आपण दोघींनी त्याच रांगेनं किती जबाब लिहिले असतील! तू तिथून उठून मास्तरीण झालीस तरी ती रांग तुझ्या हातातून गेली नाही. तुझी पत्रं बघ. या मागच्याच पत्रात त्या मुलीला विचारलंस ते कसं लिहिलंस? 'रिकामा वर्ग, ती दाराजवळ उभी, पिशवी छातीशी धरलेली', आणि मग काय बोललात ते. जागा, हात, तोंड. तू जन्मभर मला असंच लिहीत आली आहेस, म्हणून तर तुझी पत्रं मी भावजींना मोठ्यानं वाचून दाखवते.

तू म्हणशील, मी वर्गात हे कधी शिकवलं नाही. नसशील शिकवलं. पण तू शेरे काय लिहितेस? त्या मुलीचे आधीचे निबंध मागवून घे आणि स्वतःचे शेरे वाच. माझी पैज आहे, तिथे एकाखाली एक हेच प्रश्न सापडतील.

यंत्राला चांगलं लिहिता येतं की नाही ते मला ठाऊक नाही. येतही असेल. मी म्हातारीनं त्यावर कशाला बोलावं? पण या लिहिण्याला आई आहे, आणि ती तू आहेस. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

आणि एक. तू तिला दोन प्रश्न विचारलेस. पहिल्याला तिनं चटकन 'हो' म्हटलं. दुसऱ्याला गप्प बसली. तू दोन्ही उत्तरं एकाच पिशवीत कोंबलीस. आमच्याकडे असा जबाब आला असता तर मी परत पाठवला असता. ती गप्प बसली ते आधीच्या निबंधांबद्दल. त्याबद्दल तिला नीट, न रागावता, बसवून विचार.

अक्का


२७ फेब्रुवारी

अक्का,

तू जिंकलीस. आणि मी हरूनही आज इतकी बरी आहे की काय सांगू.

घुमीला घरी बोलावलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, चहा केला. जुने निबंध आण म्हटलं होतं, तर तिनं पिशवीतून एका जाड कागदात गुंडाळलेले काढले. कोपरा दुमडलेला नाही, डाग नाही. मी माझे शेरे वाचायला लागले आणि माझेच कान गरम झाले. 'आजोबांच्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला?' 'तेव्हा त्यांचे हात काय करत होते?' 'ते नेमकं काय म्हणाले? तू सांगू नकोस, त्यांना बोलू दे.' चारही निबंधांवर हेच, याच रांगेनं. मोठ्या बाई माझ्या लाल पेनात बसून होत्या आणि मला पत्ताच नाही.

मग मी विचारलं. रागावले नाही, तुझी शपथ. म्हटलं, "आता मला शिक्षा करायची नाही, फक्त समजून घ्यायचंय. हे चार कोणी लिहिले?"

कपाच्या कानाला धरून बसली होती. म्हणाली, "फोननं."

चारही, अक्का! ज्यांवर मी 'भाषा स्वच्छ' म्हणून शाबासकी दिली ते चारही यंत्राचे. ते आजोबाही तिचे नव्हेत, तिला आजोबा नाहीतच. आणि एकच जो तिनं स्वतःच्या हातानं लिहिला, त्याच्यावर मी चौकशी लावली. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती म्हण मी वर्गात समजावून सांगते.

मी विचारलं, "मग हा पाचवा का लिहिलास?" तेव्हा जे बोलली ते जसंच्या तसं देते. "बाई, पहिला निबंध परत आला तेव्हा मी फक्त मार्क बघितले. मग खालचं वाचलं. तुम्ही खूप विचारलं होतं. खोली कशी होती, कोण कुठे उभं होतं, तुला थंडी वाजली का. मला त्या निबंधातल्या मुलीचा हेवा वाटला. ती नव्हतीच, तरी तिला तुम्ही एवढं विचारलं. मला कोणी काही विचारत नाही. मग दुसरा दिला, तिसरा दिला, ते शेरे वाचायला मिळावेत म्हणून. चौथ्याला वाटलं, हे सगळं तिलाच जातंय, मला काहीच मिळत नाही. म्हणून मग आईकडे गेले आणि तुमचे प्रश्न धरून बघत उभी राहिले."

मी उठून गॅसवरचं भांडं उगाच पुसत राहिले. माझ्या शेऱ्यांचं कधी काही होतं असं मला वाटलंच नव्हतं गं. मुलं मार्क बघतात आणि कागद घडी करून बाकाच्या पायाखाली घालतात, डुगडुगू नये म्हणून. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता तिढा ऐक. मी तक्रार मागे घेतली तर विषय संपतो. आधीच्या चार निबंधांबद्दल कोणीही विचारलेलं नाही. ते माझ्या टेबलावर आहेत आणि ती म्हणते, "बाई, तुम्ही सांगाल ते करीन." झाकली मूठ सव्वा लाखाची. नोकरी राहील, प्रमाणपत्र राहील, तिची आई सुखानं झोपेल. गप्प बसू का? माझी चूक मी भरून काढते आहे असं समजून?

चिंगी


२ मार्च

चिंगे,

घाईत लिहिते, हे चार तारखेच्या आत पोचायला हवं म्हणून भावजी स्वतः टपालात टाकायला निघालेत आणि दारात चपला घालून उभे आहेत.

मूठ झाकायची का उघडायची ते तू ठरवू नकोस. ती मूठ तुझी नाही. तुझी जी आहे ती एवढीच, की मी चुकले, पाचवा निबंध तिचाच आहे आणि मला ते कशावरून कळलं. हे लेखी दे, तुझ्या सहीनं. पुढचं तिला विचार. 'सांगाल ते करीन' म्हणणाऱ्या मुलीला आपण सांगितलं की ती पुन्हा दुसऱ्याचंच लिहून देईल. आत्ताच कुठे स्वतःचं लिहायला लागली आहे.

तिनं गप्प राहायचं ठरवलं तरी मी तिला नावं ठेवणार नाही. एवढं तिला सांग.

अक्का


९ मार्च

अक्का,

तुझं पत्र तीन तारखेला मिळालं. भावजींना माझ्याकडून लोटांगण.

तिला तुझं म्हणणं वाचून दाखवलं. ती पिशवी घेऊन निघून गेली. मला वाटलं, चौकशीला येतच नाही आता. चार तारखेला मी पोचले तर प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलेली. शेजारी तिची आई, हॉटेलचा निळा झगा तसाच अंगावर, कामावरून थेट आलेली.

आत तिघं. प्राचार्य, हिशेब बघणारे साहेब, आणि त्या वृद्धाश्रमाच्या मेट्रनबाई, कारण त्यांनी घुमीला कबूल केलं होतं. मी माझा कागद वाचला. प्राचार्य म्हणाले, "म्हणजे बाई, आपण आपल्याच विद्यार्थिनीत स्वतःला ओळखलं नाहीत?" मी म्हटलं, "नाही ओळखलं. माझ्या बहिणीनं ओळखलं." साहेबांना हसू आवरेना. प्रकरण तिथेच मिटत होतं. प्राचार्य फाइल बांधायलाही लागले.

आणि घुमी म्हणाली, "सर, अजून आहे."

उभी राहून सांगितलं. घरी टेबल नाही, जिन्याच्या पायरीवर बसते, फोन गुडघ्यावर धरून विषय टाकला आणि आला तसा उतरवून काढला. चार वेळा. मधे कुठे थांबली नाही. शेवटी म्हणाली, "ते चार माझे नाहीत. त्यांच्या मार्कांवर मला प्रमाणपत्र नको." प्राचार्यांनी फाइल पुन्हा सोडली. मी मनात तुला शिव्या घातल्या, खरं सांगते.

तेव्हा मेट्रनबाई बोलल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे सकाळी नोंद येते, 'प्रकृती स्थिर, झोप समाधानकारक.' मी खोलीत जाते तर म्हातारा खुर्चीत बसलेला, डोळे सुजलेले. माणसानं लिहिलं का यंत्रानं, मला घेणं नाही. यंत्रानं लिहिलं तर लिहू दे. पण बघितलं कोणी? या मुलीनं चादरीची घडी बघितली आहे. मला असं बघणारं माणूस हवंय."

निर्णय असा झाला. ते चार निबंध नियमाच्या आधीचे आहेत म्हणून नाव कमी नाही. पण मार्क रद्द. चारही नव्यानं लिहायचे, आणि प्रमाणपत्र एक सत्र उशिरा. तोवर पगार नाही, हे त्या मायलेकींना जड जाणार आहे. मेट्रनबाईंनी जागा राखून ठेवायचं कबूल केलंय.

बाहेर आलो. तिच्या आईला मी काही सांगणार, तर तिनंच माझे हात धरले. साबणानं सोललेले हात. म्हणाली, "बाई, पोरगी मागे एकदा माझ्या कामावर येऊन उभी होती, नुसती बघत. मी विचारलं, काय गं? म्हणाली, अभ्यास करतेय. मला पहिल्यांदा वाटलं, मी पण काहीतरी करते." मी तिथेच रडले, प्राचार्यांच्या शिपायासमोर. काय म्हणायचं ते म्हणू दे त्याला.

चिंगी


१४ मार्च

चि. चिंगीस आशीर्वाद.

शिव्या पोचल्या. पचल्या.

तुझं पत्र भावजींना वाचून दाखवलं आणि मधेच मी चष्मा काढून ठेवला, तेव्हा उरलेलं त्यांनी वाचलं. मला एक सांगायचंय, आणि ते थट्टेत सांगता येणार नाही. निवृत्तीच्या दिवशी टेबलाचा खण रिकामा करताना मला वाटलं होतं, आपल्याला जे येत होतं ते आता कोणालाच नको आहे. कचेरीत आता जबाबही छापील चौकोनांत भरतात. मोठ्या बाई कधीच गेल्या, त्यांना मूलबाळ नव्हतं. आणि आता कुठल्याशा तळघरात एक पोर त्यांच्याच रांगेनं आपल्या आईकडे बघत उभी राहते, आणि तिला बाईंचं नावसुद्धा माहीत नाही. हे माझ्यापर्यंत तू आणलंस. तुझे उपकार मानते. लहान बहिणीचे मानू नयेत म्हणतात, पण मी मानते.

आता वर्गाचं काय करणार? बाकीचे सगळे 'अनुभवाचा खजिना'वालेच ना?

अक्का


२१ मार्च

अक्का,

वर्गाचं काय करणार, असं तू विचारलंस. मी ठरवलं होतं की आधी सगळ्यांना फैलावर घ्यायचं आणि मग हातानं, वर्गात, माझ्यासमोर लिहून घ्यायचं. भाषणही तयार होतं. त्यात यंत्राबद्दल चार कडक वाक्यं होती.

सोमवारी वर्गात गेले तर टेबलावर कागदांचा ढीग. जुने निबंध, वर्षभरातले. चौकशीत काय झालं ते मुलांना कळलं होतं. कोणी सांगितलं ते विचारलं नाही. घुमी तर नक्कीच नाही, ती नेहमीसारखी शेवटच्या बाकावर. मी बसले. मग पुढच्या बाकावरचा तो आडदांड, ज्याच्या काकांना कुत्रं चावलं होतं त्याचा धाकटा भाऊ, उभा राहिला. हात मागे बांधलेले, एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"बाई, हे आमचे नाहीत. परत घ्या."

म्हटलं, "बरं. घेतले."

तो जागचा हलेना. ढिगाकडे बघत राहिला. मागून कोणीतरी त्याला ढोसलं.

"पण बाई, खालचा शेरा तेवढा आम्हाला राहू द्याल का?"

माझं भाषण कुठल्या कुठे गेलं. मी कपाट उघडलं, कात्री काढली आणि त्याच्या हातात दिली.

तुझी,
चिंगी